सासूबाईंची डावी बाजू

दिवाळीनंतर आमच्या गावात बायांना बोलायला एकच विषय होता. म्हातारीला लकवा मारला, पण तशातही ती सुनेचं तोंड पाहत नाही. मुलगा समोर आला की हसते, नातीला जवळ घेते, गल्लीतली कोणी भेटायला आली की तिच्याशी तास-तास बोलते. सून चहा घेऊन आली की मात्र मान वळवून पडून राहते. ती सून मी. आणि खोटं कशाला सांगू, आमच्या दोघींचं आधीही फार सख्य नव्हतं. त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं. ही बातमी माझ्या माहेरापर्यंत पोचली होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. कापूस, तूर, सोयाबीन, बाकी काही नाही. सासूबाईंनी पासष्टी ओलांडली तरी वेचणीत तरण्या बाया त्यांच्या मागे पडायच्या. त्या दिवशी दुपारची शिदोरी खाऊन आम्ही परत आपापल्या ओळीला लागलो. उन्हं कलायला आली तेव्हा मागून कोणीतरी हाक मारली. पाहते तर त्या डाव्या अंगावर कललेल्या, ओटीतला कापूस मातीत सांडलेला, तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा हात लोंबता. आणि या बाईचं बोलणं मात्र चालूच.

“मले काई झालं नाई व. पाय घसरला. कायले कल्ला करता?”

जीभ जरा जड झाली होती, पण शब्द सगळे जागच्या जागी. म्हणून निम्म्या बायांना वाटलं, ऊन लागलं असेल. एकीने शेजारच्या गावातल्या लकव्याचं औषध देणाऱ्याचं नाव काढलं. दुसरी कबुतराचं रक्त चोळायचं म्हणाली. माझ्या नवऱ्याने कोणाचं ऐकलं नाही, १०८ ला फोन लावला. आधी तालुक्याला, तिथून यवतमाळला. पोचलो तेव्हा रात्र झाली होती.

तिथल्या डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न वेगळाच होता. आजार कोणता, गोळ्या कोणत्या, हे नंतर. “शेवटचं त्यांना एकदम धडधाकट कोणी पाहिलं? किती वाजता?” मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यानंतर फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त. आणि झटका कधी आला हे माहीत नसेल, तर रुग्ण शेवटचा ठीक दिसला तिथपासून घड्याळ मोजतात. आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता येईना. जेवताना त्या गप्प होत्या, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. रक्त सांडलं असतं तर ते लगेच पांढरं दिसतं. गुठळीने उपाशी ठेवलेला भाग मात्र सुरुवातीच्या तासांत फारसा दिसत नाही, मागाहून काळसर होत जातो. मेंदूचं वजन सगळ्या शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू वीस टक्के लागतो, त्यामुळे रक्त थांबलं की तो फार वेळ तग धरत नाही. इंजेक्शन दिलं नाही. बाकीचे उपचार सुरू झाले.

झटका कधी आला ते आम्हाला कापसाने सांगितलं. दोन-चार दिवसांनी नवरा राहिलेला कापूस पाहायला शेतात गेला आणि तिथूनच त्याने फोन केला. वेचताना आपण दोन ओळींच्या मधून चालतो, दोन्हीकडची बोंडं घेत जातो. सकाळी सासूबाई जिथून गेल्या तिथे दोन्ही ओळी साफ होत्या. जेवणानंतर त्यांनी वेचणी धरली तिथून थोडं पुढे, उजवीकडची झाडं तशीच साफ, आणि डावीकडची पांढरीशुभ्र. एकही बोंड काढलेलं नाही. त्या पडल्या तिथपर्यंत असंच. म्हणजे हात लुळा पडायच्या आधी त्यांची डावी ओळ गेली होती. इंजेक्शनच्या हिशेबात त्याने फरक पडला नसता, आम्ही पोचलोच उशिरा. पण मी हे राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमना सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या. “ताई, परत सांगा,” म्हणाल्या.

मग त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर एक लांब आडवी रेघ मारली आणि सासूबाईंच्या उजव्या हातात पेन दिलं. म्हणाल्या, आजी, या रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करा. खूण पार उजव्या टोकाकडे गेली. मग गोल काढून दिला: याच्यात घड्याळाचे आकडे भरा. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडे सुंदर काढतात. एकपासून बारापर्यंत सगळे आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा कोरा. “झालं?” मॅडमनी विचारलं. “झालं ना. बारा नाई काय?”

डोळे ठीक होते. मॅडमनी नुसत्या डावीकडे बोट हलवलं तर कधीकधी त्यांना दिसायचं. दोन्हीकडे एकाच वेळी हलवलं की फक्त उजवं. पाहण्याचं केंद्र मेंदूच्या मागच्या टोकाला असतं, मानेच्या वर, आणि ते शाबूत होतं. ज्याचं ते केंद्र बिघडतं त्याला अर्धं दिसत नाही, पण दिसत नाही हे त्याला कळतं, तो मान वळवून पाहतो. सासूबाईंची जागा त्याच्या पुढची, उजव्या कानाच्या वरच्या बाजूला. तिथे लक्ष कुठे द्यायचं ते ठरतं.

हे मी इथे सलग सांगते आहे, पण मला ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं, तेही पेशंटजवळ बसायच्या स्टुलावर. मी बारावीपर्यंत सायन्स केलेलं, मेंदूचं चित्र काढून मार्क मिळवलेले. चित्रात लहान मेंदू, मोठा मेंदू, नावं दिली की झालं. ते चित्र माणसाच्या अंगावर वाचता येतं हे कुठे माहीत होतं? डावा हात गेला म्हणजे उजवा मेंदू, कारण हातापायांना हुकूम नेणाऱ्या बहुतेक तारा मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला बाजू बदलतात. हात आणि तोंड जास्त गेले, पाय कमी, तेही का ते कळलं. कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे शल्यविशारद होते. मिरगीच्या रुग्णांचं ऑपरेशन ते रुग्ण जागा असताना करायचे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून ते जमतं. बारीक विजेचा स्पर्श एकेका जागी करून कुठे बोट हलतं, कुठे ओठ हलतो, हे त्यांनी टिपलं. त्या पट्टीवर तळहात आणि चेहऱ्याला अख्ख्या धडापेक्षा जास्त जागा आहे. पायाचा भाग वर, दोन अर्धांच्या मधल्या खाचेत, आणि त्याला रक्त देणारी नळी वेगळी. सासूबाईंची बाजूची नळी तुंबली, मधली नाही.

आणि बोलणं? ते शाबूत राहिलं याचंच गावाला कोडं होतं. आमच्या समोरच्या खाटेवर पुसदकडचे एक काका होते. त्यांचं बरोबर उलटं. उजवा हात-पाय लुळा, सगळं कळायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडातून एकच शिवी बाहेर पडायची. भूक लागली तरी तीच, मुलगी आली तरी तीच. काकू लाजेने अर्ध्या व्हायच्या. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ मध्ये असाच एक रुग्ण होता, त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात खालच्या अंगाला जखम. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातल्या पंचाण्णव जणांची भाषा डाव्या मेंदूतच असते. शिव्या, देवाचं नाव, पाठ झालेली प्रार्थना, गाणं यांना मात्र दुसऱ्याही वाटा असतात, म्हणून काकांची शिवी वाचली. हे काकूंना समजावून सांगितल्यावर त्यांचा जीव जरा हलका झाला. सासूबाई त्यांना आडून म्हणायच्या, “तुह्या मालकाले वळण नाई व.” त्यांना स्वतःचा डावा हात माहीत नव्हता, पण दुसऱ्याच्या नवऱ्याचं वळण बरोबर दिसत होतं.

हात माहीत नव्हता हे मी शब्दशः सांगते. एका सकाळी अंग पुसताना मी त्यांचा डावा हात उचलून त्यांच्या समोर धरला.

“हा कोनाचा हात हाय इथं?”

“तुमचाच आहे, आई.”

“माहा नाई. माह्या बहिणीचा असन. तिले सांग, काढून घे म्हना.”

बहीण जाऊन कितीतरी वर्षं झालेली. माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याने तोंड फिरवलं. घरून आलेल्या चुलत सासूबाई तर म्हणाल्याच, हे बाहेरचं आहे, बघणाऱ्याला बोलवा. डॉक्टर मॅडम मात्र शांत होत्या. आजार आहे हेच रुग्णाला न कळणं, हा आजाराचाच भाग, आणि फ्रान्समधल्या बाबिन्स्की या डॉक्टरने १९१४ मध्येच त्याला नाव दिलेलं आहे. शेतात “मले काई झालं नाई” म्हणाल्या तो हट्ट नव्हता. कुठे बिघडलं ते सांगणारी जागाच बिघडली होती.

मग मी विचारलं, काकांचा डावा मेंदू गेला, मग त्यांची उजवी बाजू का नाही गायब झाली? फिजिओथेरपीचे सर फार छान बोलले त्यावर. म्हणाले, रानडुकरांसाठी जागलीला दोन राखणदार बसवलेत असं समजा. डावा राखणदार फक्त उजवा धुरा पाहतो. उजवा राखणदार दोन्ही धुरे पाहतो. डावा झोपला तरी उजव्यामुळे चालून जातं. उजवा झोपला की डावा धुरा उघडा. म्हणून हे दुखणं बहुतेक वेळा उजवा मेंदू दुखावल्यावरच टिकून राहतं.

घरी आणलं आणि खरा संसार सुरू झाला. खाट पुढच्या खोलीत टाकली. उजव्या हाताला ओसरी, येणारे-जाणारे तिकडे. डाव्या हाताला सैपाकघर, म्हणजे मी. मी येते, हाक मारते, त्या आवाजाचा शोध उजवीकडे घेतात, तिथे कोणी नसतं, मग गप्प. पाहणाऱ्याला दिसायचं ते एवढंच की सून बोलते आणि सासू तोंड फिरवते. ताटाचंही तसंच. ज्वारीची भाकर, वरण, वांग्याची भाजी वाढून दिली की उजवीकडचं चाटूनपुसून खायच्या आणि डावीकडचं तसंच. वर भेटायला आलेल्या बाईला सांगायच्या, “भाजी वाढतच नाई व ही मले. पोटभर खायले भी देत नाई.” भाजी ताटात. बाई ताट पाहायची, माझ्याकडे पाहायची. एक दिवस वैतागून मी ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. सासूबाई एकदम खूश: “आता कशी वाढली!” आणि सगळं संपवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या मध्येच ताट फिरवायचं, हा घरातला नियमच झाला. नातीला तर खेळ मिळाला.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. इटलीत मिलान शहरात बिसियाक आणि लुझाती या दोघांनी १९७८ मध्ये आपल्या दोन रुग्णांना शहरातला मोठ्या चर्चसमोरचा चौक नुसता आठवायला सांगितला होता. चर्चकडे तोंड करून उभे आहात, सांगा काय काय दिसतं. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. आता चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहा, चौकाकडे तोंड करा. तर आधी गाळलेल्या इमारती आता सांगितल्या, आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. डोळ्यांचा प्रश्नच नाही. आठवणीतलीसुद्धा डावी बाजू गळते.

आमच्याकडे मोठं चर्च नाही, पण मारुतीचा पार आहे. तिथून सरळ रस्ता जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत जातो. सासूबाई या गावात लग्न होऊन आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, हा रस्ता त्यांना झोपेत पाठ. एका संध्याकाळी नात त्यांच्या उजवीकडे बसली आणि मी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, आजी, तू मारुतीले पाठ करून पारावर उभी हायस, शाळेकडे पाहून रायली. सांग, कोण कोण दिसते?

आजी रंगल्या. पहिली पिठाची गिरणी, मग ग्रामपंचायत, मग सुताराचं घर, त्यातल्या कोणी कोणाचे किती पैसे बुडवले त्यासकट. शाळा आली, संपलं. मी दाराआडून ऐकत होते. सगळी उजवी बाजू. डावीकडची विहीर नाही, किराणा दुकान नाही. आणि त्याच्या पुढचं आमचं स्वतःचं घर नाही. ज्या घरात बसून सांगत होत्या तेच नाही. नात गोंधळली, माझ्याकडे पाहायला लागली. मी खुणेने सांगितलं, पुढचं विचार.

“आजी, आता तू शाळेपाशी उभी हायस. मारुतीकडे तोंड कर.”

जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “हे आपलं घर नाई काय. दारातला कडुनिंब. मंग किराण्याचं दुकान. मंग विहीर, तिच्यात माही कळशी पडली होती.” गिरणी नाही. ग्रामपंचायत नाही. ज्यांचे पैसे बुडाले तेही सुटले.

मी आत जाऊन थोडी रडले. वाईट वाटून नाही. गाव सगळं त्यांच्या डोक्यात आहे, एक वीटही कमी नाही, फक्त त्याच्यावरचा उजेड एकाच अंगाने पडतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग मी म्हणजे तरी काय? मीही विहिरीसारखीच तिकडच्या बाजूला असणार. सरांनी नंतर अजून एक सांगितलं. १९८८ मध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी अशाच एका बाईला घराची दोन चित्रं दाखवली. एका घराला डावीकडून आग लागलेली. ती म्हणायची, दोन्ही चित्रं सारखीच. पण राहायला कोणतं घ्याल विचारलं की बहुतेक वेळा न जळणारं घर निवडायची. म्हणजे दिसत नाही म्हणतात ते आत कुठेतरी पोचतं. तसं असेल तर माझीही चाहूल त्यांना लागत असणार, आणि बहुधा आवडत नसणार.

उपाय काय, तर मोठा काहीच नाही, नुसती चिकाटी. पहिला वाद खाटेवरून झाला. नवऱ्याचं म्हणणं, खाट फिरवू, म्हणजे सगळे उजवीकडे येतील, आईला बरं वाटेल. सर म्हणाले, बरं वाटायला ठीक, पण मग डावीकडे वळायचं कारणच उरणार नाही. डावीकडूनच जा, थांबा, त्यांना शोधू द्या. मग रेडिओ डावीकडे ठेवला. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच घास. डाव्या हातात घुंगराच्या बांगड्या घातल्या. सगळ्यात उपयोगी पडलं ते सूप. तुरीची डाळ पसरून खडे निवडायला बसवायचं. पहिल्यांदा उजव्या अर्ध्या सुपात खडा सापडायचा नाही, डाव्या अर्ध्यात सगळे तसेच. पण हे त्यांचं आयुष्यभराचं काम. खडा राहिला म्हणजे अपमान. “अजून लाल पट्टी दिसली नाही, आई,” म्हटलं की चिडून मान वळवायच्या आणि खडा दिसला की स्वतःच दचकायच्या.

लोलकाचे खास चष्मेही असतात म्हणे. सगळं थोडं उजवीकडे सरकवून दाखवतात, हाताला तशी सवय लागते, आणि चष्मा काढल्यावर काही काळ लक्ष डावीकडे वळतं. फ्रान्समधल्या रोसेत्ती यांच्या गटाने १९९८ मध्ये ते छापलं. आम्हाला मिळाला नाही. डाव्या कानात थंड पाणी सोडलं तर काही मिनिटं डावी बाजू परत येते, हेही खरं निघालं आहे, पण ते डॉक्टरांचं काम. आमच्या चुलत सासूबाई तांब्या घेऊन निघाल्याच होत्या, त्यांना अडवावं लागलं.

पहिल्या काही महिन्यांत जे सुधारायचं ते बरंच सुधारलं. ताट आता फिरवावं लागत नाही. वेणी दोन्हीकडून विंचरतात. काठी घेऊन पारापर्यंत जातात, डावी चप्पल मात्र अधूनमधून घरीच राहते. हाताची बोटं उघडत नाहीत, ती बहुधा तशीच राहतील. रक्तदाबाची गोळी मी समोर उभी राहून देते. हात मात्र त्यांचाच आहे, असं आता त्या म्हणतात. आवडत नाही, पण आपला आहे.

या सगळ्यात गावात माझी भलतीच कीर्ती झाली. आशाताई मागच्या महिन्यात आल्या आणि म्हणाल्या, वरच्या आळीतल्या एका मामाजींना दोन वर्षांपूर्वी लकवा झालाय, तेही ताटात अर्धं टाकतात, तू जरा पाहून ये. लकवा त्यांचा उजव्या अंगाचा, म्हणजे मेंदू डावा, म्हणजे तसं फारसं होऊ नये. तरी गेले. कागदावर लांब रेघ मारून दिली, मधोमध खूण करा म्हटलं. डाव्या हाताने, कष्टाने, पण त्यांनी बरोबर मध्ये खूण केली. घड्याळही ठीक. मग ताटात काय राहतं ते विचारलं. मामींनी सांगितलं, अंबाडीची भाजी. मामाजी मामींकडे न पाहता मला म्हणाले, “तीस वर्षं झाली सांगून रायलो हिले, मले ते आवडत नाई म्हनून.”